म्हणे 'स्वखुशीने वेगळे राहायचे'! मग चेकर्स खेळायला बंदी कशाला?

भाची बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला 'टू किल अ मॉकिंगबर्ड' लागलीय, हार्पर लीची कादंबरी, गोऱ्या बाईवर बलात्काराचा खोटा आळ आलेल्या टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाच्या खटल्याची. परवा असाइनमेंट वाचायला दिली तर मधेच एक परिच्छेद एकदम भारदस्त, म्हटलं हे तुझं नाही. तर क्लासच्या ग्रुपवर आलेला मेसेज, सगळ्यांनी तोच उतरवलाय. आणि आज सकाळी तोच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, खाली तीन हात जोडलेले.

मेसेज थोडक्यात असा: लिंकननी गुलामगिरी संपवली तेव्हाच अमेरिकेतला काळ्या-गोऱ्यांचा प्रश्न मिटला, फुल्यांनी उगाच का 'गुलामगिरी' अमेरिकनांना अर्पण केली, पुढे काळे-गोरे वेगळे राहिले ते स्वखुशीने, कायदा वगैरे नव्हता, सोयी दोघांना सारख्याच, ज्युरीत काळे नसायचे कारण शिकलेले नसायचे, कादंबरीतला खटला ही नुसती कल्पना, आणि आता हे उकरायचं कशाला.

'स्वखुशीने'पासून सुरू करते, कारण डोकं तिथेच फिरलं. कादंबरी घडते अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात. त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅम शहराच्या 1944 च्या नियमावलीतली कलमं नेटवर सापडतात, जरा वाचा. कलम 597: काळा आणि गोरा माणूस एकत्र पत्ते, फासे, डॉमिनोज किंवा चेकर्स खेळले तर बेकायदा. चेकर्स! म्हणजे दोन म्हातारे दुकानाच्या पायरीवर सोंगट्या सरकवत बसले तरी गुन्हा. 1950 ला त्यात बेसबॉल, फुटबॉलही घातलं. कलम 369: हॉटेलात एकाच खोलीत दोघांना वाढायचं असेल तर मधे जमिनीपासून सात फूट किंवा त्याहून उंच भक्कम पार्टिशन हवं, आणि रस्त्यावरून दोघांना वेगवेगळं दार. सात फूट, म्हणजे बसलेल्याचं सोडा, उभा राहिलेल्यालाही पलीकडचं ताट दिसू नये. ज्यांना मुळात एकत्र बसायचंच नव्हतं त्यांच्यासाठी सुतार कशाला बोलवला हो? कायदा करावा लागतो तो लोक बसतील या भीतीनेच ना.

सोयी सारख्या होत्या हे तर कादंबरी न वाचताच लिहिलंय. 'वेगळं पण समान', म्हणजे सोयी वेगळ्या असल्या तरी सारख्या असल्या की झालं, हे सुप्रीम कोर्टाच्या 1896 च्या प्लेसी खटल्यापासून रूढ झालं आणि 1954 ला सुप्रीम कोर्टानेच शाळांपुरतं मोडीत काढलं. कादंबरीत काळ्यांच्या अख्ख्या चर्चमध्ये चौघांना वाचता येतं, म्हणून एकजण ओळ वाचतो आणि बाकीचे मागून गातात. सारख्या शाळांत शिकून असं होतं?

ज्युरीचं ऐका. टॉम रॉबिन्सन काल्पनिक आहे, मान्य. पण 1931 ला त्याच अलाबामात मालगाडीतून नऊ काळी पोरं उतरवली, दोन गोऱ्या बायकांवर बलात्काराचा आरोप, आणि पंधरवड्यात आठजणांना मृत्युदंड. हा स्कॉट्सबरो खटला. त्यातली एक बाई 1933 ला कोर्टात म्हणाली की असं काही घडलंच नाही, तरी ज्युरीने दोषीच ठरवलं. 1935 ला सुप्रीम कोर्टाने पाहिलं की पात्र, शिकलेले काळे होते, तरी वर्षानुवर्षं एकालाही ज्युरीवर बोलावलेलं नव्हतं. वर ज्युरीच्या यादीत काही काळ्यांची नावं मागाहून घुसडल्याचा पुरावाही कोर्टापुढे आला. शिक्षणाचा काय संबंध!

आता फुले. इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. 'गुलामगिरी' 1873 ची, आणि तेव्हा खरंच आशा होती, काळे पुरुष मत देत होते, अलाबामातून बेंजामिन टर्नर हा पूर्वी गुलाम असलेला माणूस 1871 ला संसदेत गेला होता. फुल्यांनी कौतुक केलं ते गुलामांसाठी झटलेल्या लोकांचं, आणि त्या वेळी ते योग्यच होतं. पण 1877 ला दक्षिणेतल्या राज्यांवरचा केंद्राच्या सैन्याचा पहारा उठला आणि सगळं उलटं फिरलं. 1901 ला अलाबामाने नवी राज्यघटना केली, अधिवेशनाच्या अध्यक्षानेच उघड सांगितलं की गोऱ्यांचं वर्चस्व प्रस्थापित करायचंय. मत द्यायचं तर दीड डॉलरचा पोल टॅक्स म्हणजे डोईपट्टी, तीही थकबाकी साचत जाणारी, वर वाचता येण्याची अट. 1900 ला मतदानाला पात्र काळे पुरुष 1,80,000 च्या वर, 1903 ला मतदार यादीत उरले जेमतेम 3,000. फुले तोवर हयात नव्हते, त्यांना साक्षीला कशाला ओढता.

आणि आता कशाला उकरायचं म्हणाल, तर अलाबामाच्या त्याच 1901 च्या राज्यघटनेत कलम 102 होतं, काळ्या-गोऱ्या लग्नाला मान्यता देणारा कायदा कधीच करायचा नाही. ते काढायला मतदान झालं 2000 साली. निघालं, पण सुमारे 40 टक्के लोकांनी 'राहू दे' म्हणून मत दिलं. भाचीने परिच्छेद खोडलाय, पण हे क्लासच्या ग्रुपवर टाकायला ती घाबरते, म्हणून मीच लिहिलं. ज्यांच्या असाइनमेंट सोमवारी द्यायच्या आहेत त्यांनी बघून घ्या.