गोखरूचं पातेलं

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. ‘किडनीची सूज आणि व्रण वनस्पतींनी बरे होतात, आता शास्त्रज्ञांनीही मान्य केलं!’ खाली हळद, पुनर्नवा आणि गोखरूचे फोटो, आणि लाल अक्षरांत ‘डायलिसिस टाळा’. बत्तीस जणांनी हात जोडलेत. टाकणारे काका भला माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणून मी तिथे गप्प बसले. इथे नाही बसणार.

आमच्या घरी गोखरूचं एक पातेलं होतं. काळ्या बुडाचं, अ‍ॅल्युमिनियमचं. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साचतं ते, २.१ आलं, बायोप्सीत आयजीए नेफ्रोपथी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं प्रथिन किडनीत साचून सूज आणणारा आजार, निघाली, आणि दुसऱ्याच दिवशी आई मंडईतून गोखरू घेऊन आली. रोज पहाटे पाचला पातेलं चढायचं. पाणी अर्ध्यावर आटलं की गाळायचं. गाळणीच्या जाळीत काटे रुतून बसायचे, ते ती शिवणाच्या सुईने एकेक काढायची. आठ महिने.

तर ते ‘शास्त्रज्ञांनी मान्य केलं’ म्हणजे काय, तर उंदरांवरचे प्रयोग. उंदराच्या एका किडनीतून लघवी खाली नेणारी नळी बांधून टाकतात. आठवड्या-दोन आठवड्यांत त्या किडनीत व्रण धरू लागतो, म्हणजे जखम भरल्यावर राहतो तसा घट्ट, निकामी भाग. मग हळदीतलं कर्क्युमिन नाहीतर दारुहळदीतलं बर्बेरीन देऊन बघतात. पुष्कळदा व्रण कमी दिसतो, खरंय. पण तिथे औषध बहुतेक वेळा सूज यायच्या आधीच नाहीतर लगोलग सुरू करतात. आमच्या बाबांना कळलं तेव्हा अर्ध्याहून जास्त काम थांबलेलं होतं. आणि भाजीतली हळद रक्तात पोचते ती नावापुरती. उलट चमचे भरभरून हळद खाल्ली तर तिच्यातलं ऑक्झलेट किडनीतच जाऊन बसतं, हे कुठल्या फोटोखाली लिहिलेलं असतं का?

हो, माहितीये, आता कुणीतरी म्हणणार की अ‍ॅलोपथीची औषधंही झाडापाल्यातूनच आली. आली ना! ते तर मला जास्त लागतं. १८३५ साली रसायनतज्ज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळं काढलं. त्याने साखर लघवीवाटे बाहेर पडते. पण पोटातून घेतलं तर ते आतड्यातच मोडतं. म्हणून त्या रेणूची घडण बदलत बदलत शेवटी डापाग्लिफ्लोझिन हाती आलं, आणि २०२० मध्ये ४ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत दिसलं की किडनीची घसरण त्याने मंदावते. मधुमेह नसला तरी. साल ते गोळी, मध्ये पावणेदोनशे वर्षं!

हीच गोळी बाबांच्या चिठ्ठीवर होती. बाबा म्हणाले, ‘मला साखर नाही, मग ही साखरेची गोळी कशाला?’ डॉक्टरांनी समजावलं नाही. पाच मिनिटांत पुढचा पेशंट. (हा राग वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.) गोळी बंद झाली. मग कुणाच्या तरी ओळखीने एक पुडी आली, ‘शंभर टक्के नैसर्गिक’. नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. रोज काढ्यातून एक चिमूट.

आठ महिन्यांनी क्रिएटिनिन ६.४.

पुडीनेच झालं असं मी म्हणणार नाही. कशाने झालं ते आता कुणालाच कळायचं नाही, कारण पुडीवर नावच नव्हतं. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे मला ऐकवू नका. ब्रसेल्समध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करायला बायकांना चिनी वनौषधी दिल्या. त्यात एका वनस्पतीच्या जागी दुसरी आली, अ‍ॅरिस्टोलोकिया जातीची. शंभरावर बायकांच्या किडन्यांना इजा झाली, कित्येकींच्या पार निकामी झाल्या. त्यांच्या किडन्यांत काय सापडलं? व्रण. काका, तुमच्या मेसेजमध्ये जो बरा होतो तोच. आपल्याकडची ईश्वरी याच जातीतली. तीही नैसर्गिकच.

लिहिता लिहिता जरा जास्तच चढले. खरं सांगायचं तर मला त्या काकांचा राग नाही. अ‍ॅडमिट केलं त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, ‘आणखी काय घेत होता?’ बाबा छताकडे बघत राहिले. आई माझ्याकडे. मी म्हणाले, ‘काही नाही.’ मी. पहाटे पाचचा तो वास मला माहीत होता, आणि आईचा चेहरा बघून मी खोटं बोलले. पुडीचं मी दोन दिवसांनी सांगितलं.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार बाबांचं डायलिसिस, चार-चार तास. पातेल्यात आई तुळशीला पाणी नेते. एवढंच मागणं आहे, काढा घ्या, चूर्ण घ्या, काय घ्यायचं ते घ्या, पण पुडी खिशात घालून डॉक्टरांकडे न्या आणि टेबलावर ठेवा. ओरडले तर ओरडू देत.

आत्ता परत ग्रुप उघडला. हात जोडणाऱ्या बत्तीस जणांत आई आहे. विचारलं तर म्हणते, ‘अगं, काहीतरी चांगलं असेल म्हणून केलं. चष्मा नव्हता.’

चष्मा तिच्या डोक्यावर होता.