मार्चचा पहिला मंगळवार

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील व्हरमाँट राज्यात वसंताची चाहूल फुलांच्या कितीतरी आधी चिखलाने लागते. रात्री पाणी गोठते आणि दिवसा बर्फ वितळतो, अशा हवेत मेपलच्या खोडांतून रस वाहू लागतो. सुमारे ४० भाग रस आटवावा तेव्हा एक भाग पाक मिळतो, त्यामुळे रस आटवण्याच्या खोपटांतून सतत वाफ निघत असते आणि आपल्याकडील गुऱ्हाळाप्रमाणे तेथे शेजाऱ्यांची ये-जा चालू राहते. वेस्ट डॅनव्हिलजवळच्या जोज पाँड या तळ्यावर तर बर्फावर सिमेंटचा ठोकळा ठेवून तो कोणत्या दिवशी, किती वाजता बुडेल यावर पैजा लागतात.

याच दिवसांत, मार्चच्या पहिल्या मंगळवारी, गावोगावी नगरसभा भरते. शाळेच्या नाहीतर नगरभवनाच्या सभागृहात मतदार अंदाजपत्रक कलमवार वाचतात, उपसूचना मांडतात आणि हात वर करून निर्णय घेतात. राज्यातील निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे असल्याने खडी आणि बर्फ हटवण्याचा ट्रक हे विषय तासभरही चालू शकतात. मी तेथील नागरिक नसल्यामुळे मला मत नाही. मागे बसून ऐकण्यात मात्र मला आपल्या विधिमंडळाच्या थेट प्रक्षेपणापेक्षा अधिक रस वाटतो.

महाराष्ट्रातील छोट्या शहरांविषयीचा आपला वाद बहुतांशी नगराध्यक्ष कोणी निवडावा याभोवती फिरत राहिला. थेट निवड २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. दरम्यान अनेक नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या आणि निवडणुकांना २०२५ चा डिसेंबर उजाडला. या साऱ्या वादात एक गोष्ट कोणी फारशी विचारली नाही. खेड्यातील मतदाराला ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभा दिली, तर ७४ व्या दुरुस्तीने प्रभाग समित्यांची सक्ती केली ती ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरतीच. ४० हजार वस्तीच्या तालुक्याच्या गावाने आपली गाऱ्हाणी मांडायची कोठे?

व्हरमाँटचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तेथील बहुतेक गावे लहान आहेत, कामाच्या दिवशी भरणाऱ्या सभेला नोकरदारांना जाता येत नाही आणि अनेक गावांनी सभेतील मतदान सोडून मतपत्रिकेचा मार्ग धरला आहे. आपल्याकडील अडचण याहून बिकट आहे, कारण बोलायला उठलेला माणूस कोणत्या गटाचा आणि कोणत्या जातीचा, हे तो तोंड उघडण्याआधीच ठरवले जाते. ग्रामसभाही कित्येकदा कागदावरच होतात, हा आक्षेप खराच आहे. पण जेथे त्या नीट भरतात तेथे हिशेब विचारण्याला कायद्याचा आधार असतो, आणि नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्याला घटनेने तसा आधार दिलेला नाही.

म्हणून मला वाटते की, नगरपरिषदेचे अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी सुट्टीच्या दिवशी ते नागरिकांसमोर उघडपणे वाचले जावे, त्याआधी ग्रामसभेच्या धर्तीवर महिलांची स्वतंत्र सभा व्हावी, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मुख्याधिकाऱ्यांनी लेखी उत्तर देणे बंधनकारक असावे. नगराध्यक्ष थेट निवडलेला असो वा नगरसेवकांनी निवडलेला, या तरतुदीने त्याचे काहीही अडत नाही.