फ्लश केला की बॉयलर पेटतो: इंग्लंडमधल्या स्लाउहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "इको मोड लावून बघा" हा माझा सल्ला पोरकट आहे. तुमच्या कॉम्बीचं (नळाचं पाणी आणि रेडिएटर दोन्ही तापवणाऱ्या बॉयलरचं) प्रीहीट इको मोडने बंदच आहे, तरी ऐन जुलैत, कुणी गरम नळ उघडलेला नसताना तो भडकन पेटतो. दोष सर्किट बोर्डाचाच असतो, आणि लोकांना घरी तपासायला सांगणं धोक्याचं आहे. मग जाता जाता तुम्ही लिहिलंय, की बोर्ड बदलून झाला, तरी टॉयलेटचा फ्लश केला की बॉयलर पेटतोच.

अहो, मग बोर्ड निर्दोषच ठरला की! भरपूर पैसे मोजून तुम्हीच ते सिद्ध केलंत.

धोक्याचं आधी. बॉयलरचं झाकण काढायचं नाही, हे मलाही मान्य आहे. बऱ्याच बॉयलरमध्ये ते झाकणच धूर घरात येऊ न देणाऱ्या बंदिस्तीचा भाग असतं, आणि ब्रिटनमध्ये गॅसचं काम 'गॅस सेफ' या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या माणसानेच करायचं असतं. पण डिस्प्लेकडे बघायला आणि नळ उघडबंद करायला कसली नोंदणी लागते? इकोचा सल्ला मी आधी देतो, कारण प्रीहीट चालू असलं की आतलं पाणी कोमट ठेवायला बॉयलर अधूनमधून आपणहून पेटतो. तो बिघाड नव्हे. तुमच्याकडे ती शक्यता संपली. जुलै असल्यामुळे पाइप गोठू नयेत म्हणून पेटण्याचीही.

आता फ्लश. बॉयलर पेटतो तेव्हा डिस्प्लेवर नळाचं चिन्ह लागतं की रेडिएटरचं, ते बघा. माझा अंदाज, नळाचंच. म्हणजे गरम पाण्याच्या पाइपातून खरोखरच पाणी वाहतंय. ठिबकणाऱ्या नळाने हे सहसा होत नाही. बहुतेक कॉम्बींना पेटायला मिनिटाला दोनेक लिटर तरी प्रवाह लागतो.

टॉयलेटशेजारी जेट स्प्रे बसवलाय का? आपल्या लोकांच्या घरी तो असतोच, आणि थंडीत गार पाणी नको म्हणून बरेच जण तो गरम-गार मिक्सरला जोडून घेतात. मग मिक्सर कायम उघडा राहतो आणि पाणी फक्त हातातल्या खटक्याने बंद होतं. अशा वेळी मिक्सरच्या पोटात गरम आणि गार पाइप एकमेकांना जोडलेले राहतात. फ्लशची टाकी भरू लागली की गार पाइपातला दाब उतरतो, गरम बाजूचं पाणी मिक्सरमधून तिकडे ओढलं जातं, बॉयलरमधला प्रवाहमापक फिरतो आणि बॉयलर इमानाने पेटतो. हे अडवायला नॉन-रिटर्न (पाणी उलटं जाऊ न देणारे) व्हॉल्व्ह असतात, पण स्वस्त मिक्सरमध्ये ते नसतात किंवा क्षार साचून अडकतात. तुमच्या भागातलं पाणी क्षारांसाठी प्रसिद्धच आहे. किटली बघा!

तपासायचं असं. स्प्रेचा मिक्सर पूर्ण बंद करा आणि फ्लश करा. बॉयलर गप्प राहिला तर चोर सापडला. नाही राहिला तर बॉयलरखालचा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून स्वयंपाकघरातला गरम नळ सोडा. थोडं पाणी येऊन धार थांबायला हवी. वाहतच राहिली तर कुठूनतरी गार पाणी गरम पाइपात शिरतंय. मग शॉवरचा मिक्सर तपासा. व्हॉल्व्ह पुन्हा उघडायला विसरू नका.

बॉयलर उगाच पेटण्यावरचा उपाय प्लंबरचा आहे: मिक्सरच्या दोन्ही पाइपांवर चांगले नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तोवर वापर झाला की मिक्सर बंद करायचा, नुसता खटका सोडायचा नाही. त्याला हेही सांगा, की टॉयलेटजवळचा हातातला स्प्रे थेट मेन्सच्या (सार्वजनिक नळाच्या) पाण्यावर जोडणं इथल्या पाण्याच्या नियमांत बसत नाही. घाण पाणी उलटं ओढलं जाण्याची भीती असते, आणि ती नुसत्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हने टळत नाही.

डिस्प्लेवर रेडिएटरचं चिन्ह लागत असेल, तर मात्र माझा वरचा सगळा तर्क बाद. मग थर्मोस्टॅटचा संदेश घेणारा रिसीव्हर किंवा त्याची वायरिंग बघायला इंजिनीअरला बोलवा, आणि बोर्ड बदलण्याआधी "मागणी कुठून येतेय?" हे त्याला विचारा. कोणतं चिन्ह दिसलं ते इथेच खाली कळवा.