डोळ्याची आणि कानाची बाटली वेगळी का: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

डोळे, कान आणि नाक या तिन्हींसाठी चालणारे जंतुनाशक थेंब मागितले असता, मुलाच्या डोळ्यांसाठी आणि आपल्या कानासाठी दोन वेगळ्या बाटल्या घ्यायला लावून आम्ही केवळ विक्री वाढवली, शिवाय कानाविषयी नको त्या चौकशा केल्या, असे आपण लिहिले आहे.

वेष्टनावर तिन्ही अवयवांचा उल्लेख आहे, हे खरे. मात्र तो आतल्या औषधाविषयी आहे. एकदा उघडून वापरलेली बाटली या अवयवावरून त्या अवयवावर न्यावी, असा त्याचा अर्थ होत नाही. डोळ्यांत घालायचे थेंब निर्जंतुक करून भरलेले असतात आणि त्याची खात्री झाकण उघडेपर्यंतच देता येते. कानाच्या नळीला संसर्ग होतो तेव्हा त्यामागे पुष्कळदा स्यूडोमोनास हा जीवाणू असतो. बाटलीचे टोक कानाला निसटते लागले तरी तो टोकावर येऊ शकतो, आणि तेथून डोळ्यात जाऊन बुबुळावरील पारदर्शक पडद्याला कुठे खरचटले असेल तर तेथे रुजला, की एक-दोन दिवसांत खोल व्रण होऊन दृष्टी कायमची अधू होऊ शकते. औषधच जंतुनाशक असताना जंतू टिकतील कसे, असे कोणालाही वाटेल; परंतु हा जीवाणू सौम्य जंतुनाशकांना सहज दाद देत नाही आणि अशा द्रावणांतही तो जिवंत सापडलेला आहे. लहान मुलाच्या डोळ्याबाबत हा धोका आम्ही पत्करणार नाही.

विक्रीचाच विचार असता, तर एका वेळी एकच थेंब घाला, असे आम्ही आपल्याला बजावले नसते. पापणीआड जेमतेम ३० मायक्रोलिटर द्रव मावतो आणि थेंब बहुधा त्याहून मोठा असतो, त्यामुळे दुसरा थेंब गालावरच ओघळतो.

कान वाहतो का, पडदा फाटलेला आहे का, हे विचारणे आमचे कर्तव्यच होते, कारण फाटक्या पडद्यातून काही जंतुनाशके आत उतरली तर श्रवणशक्तीला इजा होते.

दोन्ही बाटल्यांवर उघडल्याची तारीख लिहावी आणि वेष्टनावर वेगळी मुदत नसेल तर डोळ्यांची बाटली चार आठवड्यांनी टाकून द्यावी. मुलाचा डोळा ठणकू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधूक दिसू लागले, तर थेंबांवर विसंबून न राहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, ही कळकळीची विनंती.