जुने मेंदू फेकून द्यायचे? आधी हे वाचा

एक मजकूर सध्या खूप फिरतोय: ‘फॉर्मॅलिनमधले जुने मेंदू निरुपयोगी आहेत. त्यांतला डीएनए नष्ट झालेला असतो, आता एमआरआय आहे, जपायचेच तर गोठवा. शिवाय त्या माणसांना विचारलं होतं कुणी?’ शेवटचा प्रश्न रास्त आहे. बाकीचं चूक आहे.

फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण; ते प्रथिनांना एकमेकांशी जखडतं. म्हणूनच हातात घेताच बसका होणारा ताजा मेंदू दोन-तीन आठवड्यांत सुरीने चकत्या पाडण्याइतका घट्ट होतो. (तळाला टेकून चपटा होऊ नये म्हणून बुडाच्या रोहिणीखालून दोरा ओवून तो उलटा टांगतात.) यात डीएनएचे तुकडे पडतात, द्रावण आम्लधर्मी झालं तर जास्तच. पण तुकडेही वाचता येतात. ज्यांच्या नावाने विस्मरणाचा आजार ओळखला जातो त्या डॉक्टर अल्झायमर यांनी 1911 मध्ये वर्णन केलेल्या रुग्णाच्या मेंदूचे छेद म्युनिकमध्ये पुन्हा सापडले आणि 1990च्या दशकात त्यांतून एका जनुकाचा प्रकार ओळखता आला. 1918च्या फ्लूच्या विषाणूचा आरएनए (डीएनएसारखाच जनुकीय रेणू) तर डीएनएहून नाजूक. त्याचेही तुकडे 1997 मध्ये अशाच जपलेल्या फुप्फुसातून मिळाले.

एमआरआयचं म्हणाल, तर रुग्णाच्या स्कॅनमध्ये मिलिमीटरच्या घरातलं दिसतं, पेशी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजतात. उलट एमआरआयमुळेच जुन्या मेंदूंचं मोल वाढलं. वाचा गेलेल्या रुग्णाचा मेंदू फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांनी 1861 मध्ये न कापता अख्खा ठेवला. 2007 मध्ये त्याचा स्कॅन प्रसिद्ध झाला. इजा ब्रोकांना वरून दिसली त्याहून कितीतरी खोल गेलेली निघाली! तो कापून संपवला असता तर हे कळलंच नसतं.

आरएनएसाठी गोठवणं उत्तम, वादच नाही. पण बर्फाचे स्फटिक पेशींची रचना फाडू शकतात, म्हणून अनेक मेंदूपेढ्या (संशोधनासाठी मेंदू जपणाऱ्या संस्था) अर्धा मेंदू गोठवतात, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. 2012 मध्ये अमेरिकेत एका पेढीचा फ्रीझर बंद पडला आणि सुमारे 150 मेंदू वितळले. बरणीला वीज लागत नाही.

राहिली संमती. डेन्मार्कमध्ये 1945 ते 1982 दरम्यान मनोरुग्णांचे 9,479 मेंदू काढून ठेवले, कुटुंबीयांना न विचारता. हा अन्यायच होता. त्यावर तिथे जाहीर वाद झाला आणि 1991 मध्ये तिथल्या नीतिपरिषदेने ते संशोधनासाठी ठेवायला हरकत नाही असं ठरवलं. आज ते डेन्मार्कमधल्याच ओडेन्से शहरात क्रमांक घातलेल्या पांढऱ्या बादल्यांत आहेत, आणि संशोधक ते अजूनही मागवतात.