नवले पुलाचा उतार : स्पीडब्रेकरनं भागणार नाही

नमस्कार. पुण्यातून जाणाऱ्या मुंबई-बेंगळुरू महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर लिहिलेल्या लेखाला तुम्ही खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ट्रकवाले डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात, अपघात त्यानंच होतात आणि मी रस्त्यावर खापर फोडून त्यांना पाठीशी घालतोय. दर दोनशे मीटरला दणकट स्पीडब्रेकर टाका, जबर दंड लावा, विषय संपला.

न्यूट्रलबद्दल वादच नाही. गिअर काढला की इंजिनाचा अटकाव जातो, एक्झॉस्ट ब्रेकचाही (इंजिनाचा धूर अडवून गाडी मंद करणारा ब्रेक) उपयोग उरत नाही. इंजिनच बंद केलं तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, पेडल दाबावं तशी टाकीतली हवा संपत जाते आणि स्टिअरिंग जड होतं. असं करणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हायलाच हवा. पण स्पीडब्रेकरचा उपाय नेमका इथंच उलटा पडतो.

४० टनांचा ट्रक १०० मीटर उंची खाली उतरतो तेव्हा सुमारे ३९ मेगाज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तोच ट्रक सपाटीवर ताशी ६० किलोमीटरच्या वेगातून थांबवायला साडेपाच मेगाज्यूल पुरतात. म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकला तर लागोपाठ सात वेळा करकचून ब्रेक मारल्याइतकी उष्णता ब्रेकच्या ड्रमला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, सोसावी लागते. ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरची पकड जाते. पेडल दाबलेलं, हवेचा दाब पुरेसा, तरी गाडी थांबत नाही. स्पीडब्रेकर टाकलेत की ट्रक थांबत, सुटत, पुन्हा थांबत उतरणार; खालच्या गिअरवर शिस्तीत उतरणाऱ्यालाही तुम्ही सारखा ब्रेक दाबायला लावणार. वर मागून येणारी गाडी त्याच्यावर आदळण्याचा धोका वेगळाच.

म्हणून वेग आवरायचा तो वर, बोगद्याच्या आधी. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासूनच हिंदी, कन्नड, तमिळमध्ये मोठे फलक हवेत, कारण या रस्त्यानं दक्षिणेतून मालगाड्या येतात. बोगद्याआधी थांब्याची जागा, तिथं ब्रेक आणि हवेचा दाब तपासायचा, खालचा गिअर टाकायचा आणि खाली पोचेपर्यंत तो बदलायचा नाही. वेग टिपणारे कॅमेरेही सुटे नकोत. एका कॅमेऱ्यापुरता वेग कमी करून पुढं गाडी सोडणं सोपं असतं. बोगद्याच्या तोंडाशी आणि खाली वेळ नोंदवून सरासरी वेगावर दंड लावला, तर संपूर्ण उतार सावकाश उतरावा लागतो.

तरीही एखाद्याचे ब्रेक जाणारच. त्याच्यासाठी उताराच्या मध्यावर, वस्ती सुरू होण्याआधी, डाव्या हाताला खडीचा सुटका-मार्ग हवा. त्यात बांधकामाची फोडलेली खडी चालत नाही. तिच्या कडा एकमेकींत अडकून थर घट्ट बसतो आणि ट्रक वरून निघून जातो. गोल, एकसारखे गोटे लागतात, म्हणजे चाक रुततं. थर किमान एक मीटर खोल, पण तोंडाशी जेमतेम ७५ मिलिमीटर, मग हळूहळू खोल. एकदम खोल केला तर गाडी झटक्यानं थांबते आणि माल केबिनवर येतो. खालून पाण्याचा निचरा हवा. पावसाळ्यात माती साचली की गोटे जाम होतात, म्हणून थर वरचेवर उकरावा लागतो. ही देखभाल निविदेतच लिहिलेली नसेल तर सुटका-मार्ग दोन-तीन वर्षांत निकामी.

आता खापराबद्दल. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथं एका अवजड वाहनानं वीसहून जास्त वाहनं उडवली. नोव्हेंबर २०२५ च्या अपघातात आठ जीव गेले. पहिली चूक ड्रायव्हरची धरली, तरी त्याच्यासमोर इतकी वाहनं का होती? नऱ्हे, आंबेगाव, वडगावच्या माणसाला दूध आणायला किंवा मुलाला शाळेत सोडायला निघालं तरी सलग सर्व्हिस रोड मिळत नाही, म्हणून तो स्कूटर घेऊन महामार्गावर येतो आणि उताराच्या पायथ्याच्या रांगेत उभा राहतो. त्याच्या मागून ४० टन येताहेत. दोन्ही बाजूंना सलग सर्व्हिस रोड, मध्ये काँक्रीटचा अडथळा आणि महामार्गात शिरायला लांब मार्गिका, एवढं झालं तर ब्रेक गेलेल्या ट्रकसमोर निदान स्कूटर नसेल. या कामाला ड्रायव्हरच्या सद्बुद्धीची वाट पाहावी लागत नाही.

रंबलर, म्हणजे रस्त्यावरचे खडखडणारे आडवे पट्टे, काढा असं मी म्हणत नाही. बोगद्याआधी आणि रांग लागते त्याच्या बरंच मागं ते हवेत, पण जागं करायला, थांबवायला नव्हे. शिवाय अवजड चाकांखाली ते पट्टे झिजून सपाट होतात. पावसाळ्याआधी आणि नंतर जाडी मोजून पुन्हा मारावे लागतात.