पुराव्यानिशी प्रगती

संशोधन-लेखनाच्या कोर्समध्ये संशोधन अवघड नसतं आणि लेखनही तितकंसं नाही. अवघड असतं ते आपण सुधारलो आहोत हे सिद्ध करणं. निबंध लिहून झाला की सुटलो, असं ज्यांना वाटतं त्यांनी पोर्टफोलिओचं सूचनापत्रक अजून उघडलेलं नसतं. पोर्टफोलिओ म्हणजे निबंधाच्या बाळंतपणाची सगळी कागदपत्रं: विषयाचा प्रस्ताव, टिपणांसह संदर्भसूची, पहिला खर्डा, दुसरा खर्डा, सहाध्यायाचा अभिप्राय आणि या सगळ्यावर एक आत्मपरीक्षणाचं पत्र. सोबत अंतिम निबंध. बाळ कसं झालंय हे बघायला शेवटी कुणाला वेळ उरत असेल, देव जाणे.

मी 'मानवी स्मृती' हा विषय दिला होता. 'फार मोठा आहे, लहान कर,' असा शेरा येऊन तो परत आला. मी 'विस्मरण' केलं. 'अजून लहान.' असं करत करत मी हर्मान एबिंगहाउस या एका जर्मन माणसावर येऊन टेकले, कारण एका माणसाहून लहान काय करणार? या गृहस्थांनी निरर्थक अक्षरांच्या याद्याच्या याद्या पाठ केल्या, त्या किती वेळात विसरतात ते मोजलं आणि १८८५ साली पुस्तक काढलं. प्रयोग करणारे तेच आणि प्रयोगाला बसलेलेही तेच. निष्कर्ष असा की तासाभरात निम्म्याहून जास्त निसटतं, मग गळतीचा वेग मंदावतो. २०१५ मध्ये मुरे आणि ड्रोस या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तर आलेख साधारण तसाच आला. म्हणजे १३० वर्षांत अख्ख्या मानवजातीच्या विसरण्यात काडीचा फरक पडला नाही. माझ्याकडून मात्र एका सेमिस्टरमध्ये लक्षणीय प्रगती अपेक्षित होती.

टिपणवहीत मला एक वाक्य सापडलं. इतकं देखणं, की त्यावर अख्खा समारोप उभा राहिला असता. पण त्याच्यापुढे ना पान, ना लेखक, ना साल. ते माझं होतं की उचललेलं? अवतरणचिन्हांत घालून शोधलं, काही मिळालं नाही. शब्द मागेपुढे करून शोधलं, तरी नाही. यावरही संशोधन झालेलं आहे. वाचलेलं विसरायचं आणि तेच पुढे स्वतःला सुचलं असं वाटायचं, याला क्रिप्टोम्नेशिया म्हणतात. ते वाचल्यावर तर मला स्वतःच्या सगळ्याच बऱ्या वाक्यांचा संशय यायला लागला. वाईट वाक्यांबद्दल प्रश्न नव्हता. ती निर्विवाद माझीच होती.

संदर्भसूचीबद्दल थोडक्यात सांगते, कारण जखम ताजी आहे. आम्हाला एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ठरवलेली संदर्भ लिहिण्याची शैली होती. या शैलीचा जन्म १९२९ मध्ये एका नियतकालिकातल्या सात पानांतून झाला. आज तिचा ग्रंथ चारशे पानांच्या वर गेला आहे. कुणाकडून तरी आलेल्या झेरॉक्सवरून मी प्रत्येक पुस्तकाच्या प्रकाशकाचं गाव शोधून काढलं. एबिंगहाउसचं लाइपझिगही मिळवलं. आणि मग कळलं की सातव्या आवृत्तीने गावं काढूनच टाकली आहेत. त्याच आवृत्तीने एका लेखाच्या वीस लेखकांपर्यंत सगळ्यांची नावं सूचीत द्यायला सांगितली आहेत. गाव नको, पण गावभरचे लोक हवेत.

सहाध्यायाच्या अभिप्रायात दोन चांगल्या गोष्टी आणि एक सुधारणा लिहायची असते. माझ्या सहाध्यायाने चांगल्या गोष्टींत 'मार्जिन व्यवस्थित' आणि 'विषय वेगळा' असं लिहिलं. सुधारणेखाली त्याने पहिल्याच वाक्यावर बोट ठेवलं: 'थोडं भारदस्त कर.' मी केलं. दुसऱ्या खर्ड्यात ते वाक्य इतकं भारदस्त झालं की कर्त्यापासून क्रियापदापर्यंत पोहोचताना मध्ये विसावा घ्यावा लागे. मॅडमनी समासात लिहिलं, 'साधं कर.' अंतिम निबंधात मी पहिल्या खर्ड्यातलं वाक्य जसंच्या तसं परत आणून ठेवलं. त्यावर मॅडमचा शेरा: 'उत्तम सुधारणा!'

मात्र निबंधाच्या शेवटी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती: 'एबिंगहाउस काय म्हणतात ते कळलं. तू काय म्हणतेस?' आता यावर काय म्हणायचं? सेमिस्टरभर निबंधात 'मी' लिहायला बंदी होती. 'असे आढळते', 'असे दिसून येते' करता करता मी स्वतःला इतकं सफाईने पुसलं होतं की घरी भूक लागली तरी 'भूक लागल्याचे दिसून येते' असं तोंडात यायचं.

आणि नेमकं त्यानंतर आत्मपरीक्षणाचं पत्र. तिथे 'मी'शिवाय दुसरं काही चालत नाही. मी काय शिकले, मी कुठे अडखळले, मी कशी घडले. तेही मोघम नाही. प्रत्येक दाव्याला पुरावा हवा, 'पहिला खर्डा, परिच्छेद चार' असा. म्हणजे स्वतःचाच संदर्भ देत स्वतःबद्दल लिहायचं. एबिंगहाउसना काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. त्या भारदस्त वाक्याचा जाऊन परत येण्याचा प्रवास मी पत्रात 'पुनर्लेखनाच्या प्रक्रियेतून गवसलेली साधेपणाची जाण' या नावाखाली बसवला. खोटं त्यात एक अक्षर नाही.

पोर्टफोलिओ अपलोड केला आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने लाल रंग दाखवला. लाल म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांच्या वर. अहवाल उघडून बघते तर सगळीकडे एकच स्रोत: 'विद्यार्थ्याने सादर केलेले लिखाण'. तो विद्यार्थी मीच. निबंध आठवडाभर आधी स्वतंत्रपणे जमा केला होता, तो यंत्राने साठवून ठेवला, आणि आता पोर्टफोलिओत तोच निबंध दिसल्यावर त्याने मला माझ्याच चोरीत रंगेहाथ पकडलं. संदर्भसूचीही रंगवून ठेवली होती. सगळ्या लिखाणात जिथे मी दुसऱ्याचं ते दुसऱ्याचंच म्हणून प्रामाणिकपणे कबूल केलं होतं, तो भाग सगळ्यात गडद!

नियम असा की इतकं साम्य निघालं तर लेखी स्पष्टीकरण द्यायचं. मी बसले आणि एका दमात लिहून काढलं. हा निबंध माझा आहे, तो आधीही माझाच होता, त्याचे दोन्ही खर्डे माझे आहेत, त्यातलं पहिलं वाक्य तर मी दोनदा लिहिलंय. आणि स्वतःच्या निबंधाशी साम्य नसेल तर ते कुणाच्या निबंधाशी असायला हवं, हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगावं. प्रस्ताव नाही, खर्डा नाही, एकही संदर्भ नाही. रागाच्या भरात अपलोड केलं. तेही तपासायला गेलं आणि निळं होऊन परत आलं: साम्य शून्य.

दोन दिवसांनी गुण आले. निबंधाला बरे, पत्राला त्याहून थोडे कमी. स्पष्टीकरणाला गुण नसतात, पण त्याच्या तळाशी मॅडमनी लिहिलं होतं: 'इथे तू बोलते आहेस. निबंधात असं का नाही लिहिलंस?'